तीन नंबरच्या टाकीची पिल्लं

पुण्यात समुद्र टँकरनं यायचा. महिन्यातून दोनदा, रेवदंड्याच्या बाजूनं घाट चढून, कर्वेनगरातल्या मत्स्यसंशोधन संस्थेच्या मागच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. टँकरवर मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' असं रंगवलेलं असल्यामुळे उन्हाळ्यात आजूबाजूच्या सोसायट्यांमधली माणसं बादल्या घेऊन धावायची. त्यांना "पिऊ नका जी, खारं हाये" असं सांगून परत पाठवायचं काम बापूराव तुमसऱ्यांचं. एकदा एका निवृत्त प्राध्यापकांनी विश्वास न ठेवता ओंजळभर पिऊन पाहिलं आणि संध्याकाळच्या आत संस्थेच्या संचालकांना दोन पानी पत्र लिहिलं. पुण्यात तक्रार तोंडी करण्याची पद्धत नाही.

बापूरावांचं 'जी' आणि 'हाये' ऐकून लोकांना वाटायचं, हा माणूस कालच गाडीतून उतरलेला दिसतो. वास्तविक त्यांना येऊन चौदा वर्षं झाली होती. जीभ मात्र बदलायला तयार नव्हती आणि बापूरावांनीही तिच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, जातीनं ढिवर. वाडवडिलांनी तळ्यातले मासे धरले, विकले आणि खाल्ले. गावाला सात तळी आणि ढिवरांची वीसेक घरं. दोन-तीन घरं मिळून एक तळं सांभाळायची. पावसाळ्यात तळ्यात माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, पडलं, की कुणाचं तगायचं, कुणाचं मरायचं. पण तिथला रिवाज असा, की ज्याचं बीज जगलं त्यानं ज्याचं मेलं त्याला आपल्यातलं द्यायचं. मागायला जायचं नाही, उपकार मानायचे नाहीत. कुणाचं तळं रिकामं राहू द्यायचं नाही, एवढंच. बापूराव लहानपणापासून मडक्यातून असं बीज या तळ्यातून त्या तळ्यात नेत आले होते.

नव्वद साली त्या तळ्यांतल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. आठ दिवसांत सातही तळी पालथ्या माशांनी पांढरी झाली. गावानं देवीला कोंबडं दिलं, सरकारचा माणूस येऊन चुना टाकून गेला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन वर्षं कशीबशी काढून बापूराव, बायको दुर्गाबाई आणि चार वर्षांची उत्कर्षा पुण्याला आले आणि वाघोलीला एका खोलीत राहिले. तेव्हा वाघोलीत दगडाच्या खाणी होत्या आणि धूळ होती. बाकी जे काही आता आहे ते नंतर आलं. बापूराव बांधकामावर बिगारी म्हणून लागले. पुण्याला तेव्हा इमारतींचं खूळ लागलेलंच होतं, त्यामुळे काम पुष्कळ होतं.

संस्थेत ते शिरले तेही घमेलं घेऊनच. शहाण्णव साली तिथं नवी इमारत चालली होती. एक दिवस मोठी काचेची टाकी हलवताना फुटली आणि चार भलेथोरले मासे फरशीवर तडफडायला लागले. पांढरे कोट घातलेली दहा-बारा हुशार माणसं भोवती उभी राहून "अरे धरा, धरा" म्हणत होती. धरत कुणीच नव्हतं. बापूरावांनी घमेलं टाकलं, गमछा पाण्यात बुचकळला, माशांच्या डोळ्यांवर टाकला आणि एकेक उचलून हौदात सोडला. एकाचंही खवलं निघालं नाही. तिथल्या प्रमुख डॉ. सुहासिनी लिमये. त्यांनी विचारलं, "माशांचं काम येतं का तुम्हाला?"

"दुसरं काई येत नाई जी," बापूराव म्हणाले.

सुहासिनीबाईंचा जन्म सदाशिव पेठेतला. त्यांच्या माहेरी मासा फक्त मत्स्यावताराच्या गोष्टीत यायचा. त्यांनी आयुष्यात कधी मासा तोंडात घातला नाही, पण पंचवीस वर्षं दुसऱ्या कशाचा अभ्यासही केला नाही. बापूराव डब्यात सुकट आणायचे. बाई त्या वासानं नाक मुरडायच्या आणि मग हाच नाजूक नाकाचा माणूस दिवसभर माशाच्या पोटात हात घालून बसायचा, याचं बापूरावांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. दोघांचं एका गोष्टीत मात्र पक्कं जमलं. मासा मेला तर दोघांनाही सारखंच वाईट वाटायचं.

बापूराव लागले ते अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की एक महिना खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या महिन्यातही ते यायचेच, कारण मासे काही खंड घेत नाहीत. कार्यालयाचे अधीक्षक दीनानाथ दर वर्षी तोच कागद पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "करा सही. आपण नवीन लागलात, अभिनंदन." अशी दहा अभिनंदनं झाली.

बाईंचं मुख्य काम जिताड्याचं. जिताडा हा कोकणातल्या खाड्यांमधला मोठा मासा. अलिबाग-पेणच्या बाजूला त्याची चव अशी मानतात, की साहेबाकडून अडलेलं काम काढायचं तर घरच्या तळ्यातला जिताडा पोचवावा. बाई मात्र त्याच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा घ्यायच्या, स्पिरिटच्या नळीत घालायच्या आणि त्यावरून कुठला मासा कुणाच्या नात्यातला ते काढायच्या. पाच खाड्यांमधले तुकडे जमवून त्यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या. प्रत्येक खाडीतल्या जिताड्याची घडण थोडी वेगळी होती. आणि एका खाडीत तो इतका मारला गेला होता, की उरलेले सगळे जवळचे नातेवाईक होत चालले होते. तेव्हा त्याच खाडीतले शिल्लक मोठे मासे जिवंत आणायचे, पुण्यात त्यांची वीण करायची आणि पिल्लं त्याच खाडीत परत सोडायची, असा बेत ठरला. बाहेरगावच्या हॅचरीतलं बीज आणून टाकणं सोपं होतं. पण ते बीज दुसऱ्या समुद्राचं. बाईंनी त्याला साफ नकार दिला.

जिताड्याची एक गंमत आहे. तो लहानपणी नर असतो, आणि वाढून मोठा झाला की मादी होतो. बापूरावांनी घरी जाऊन हे सांगितलं, तेव्हा दुर्गाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजे अक्कल आली का बाई होते म्हना ना." बापूरावांनी ते दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. सुहासिनीबाई हसल्याचं संस्थेत ज्यांनी पाहिलं, ते अजून तो दिवस सांगतात.

तर दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात आठ माद्यांनी अंडी घातली. आठ माद्यांची पिल्लं आठ वेगळ्या टाक्यांमध्ये ठेवली आणि टाक्यांवर एक ते आठ आकडे रंगवले. तीन नंबरची आई सगळ्यांत मोठी, नऊ किलोची. तिच्या डौलामुळे बापूराव तिला सरपंचीण म्हणायचे. पिल्लं दहा दिवसांची, पापणीच्या केसाएवढी होती, तेव्हा बाई परिषदेला दिल्लीला गेल्या आणि रविवारी सकाळी नऊ वाजता लाइट गेले.

लोडशेडिंगचे दिवस होते, लाइट जाण्याचं कुणाला काही वाटत नसे. जनरेटर होता. पण त्यात डिझेल नव्हतं. डिझेलचा मागणीअर्ज दीनानाथांच्या टेबलावर होता, आणि तीन दुकानांची दरपत्रकं आल्याशिवाय दीनानाथ डिझेलच काय, खडूसुद्धा घेत नसत. हवेचे पंप बंद पडले. बापूराव एकटे. त्यांनी बादलीनं पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतायला सुरुवात केली, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. एका टाकीत ओतायचं, धावत दुसरीकडे जायचं. आठ टाक्या आणि दोन हात. तासाभरात त्यांच्या लक्षात आलं, की असं केलं तर आठही जाणार. बॅटरीवर चालणारा पंप एकच होता. तो त्यांनी तीन नंबरला लावला. बियाण्याला कणीस निवडायचं तर भरदार निवडतात, त्याच हिशेबानं. मग उरलेल्या सात टाक्यांसाठी बादली चालूच ठेवली. दुपारी दोन वाजता लाइट आले, तेव्हा त्यांचे खांदे उचलत नव्हते. सात टाक्यांच्या तळाला पांढरा थर बसला होता. तीन नंबरमध्ये पिल्लं शाबूत होती.

बापूराव टाक्यांच्या मधल्या जागेत उकिडवे बसले आणि रडले. मग उठले, तोंड धुतलं, मेलेली पिल्लं नळीनं ओढून काढली, पाणी बदललं. आणि मग त्यांनी जे केलं ते करताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. एक पेला घेतला आणि तीन नंबरमधली पिल्लं मोजून-मापून आठही टाक्यांमध्ये वाटून टाकली. लपवाछपवी म्हणून नव्हे. त्यांच्या बापानं, आज्यानं हेच केलं असतं. कुणाची टाकी रिकामी राहू द्यायची नाही. रजिस्टरमध्ये त्यांनी तपमान लिहिलं, खारेपणा लिहिला, 'लाइट ५ तास नाही, पिल्लं पुष्कळ मेली' असंही लिहिलं. वाटलेल्या पिल्लांसाठी रजिस्टरात रकाना नव्हता.

बाई दिल्लीहून आल्या. रजिस्टर वाचलं आणि आठही टाक्यांमध्ये वाकून पाहिलं. "पाच तास लाइट नव्हते, आणि आठातली एकही टाकी गेली नाही?" त्या म्हणाल्या. "बापूराव, हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

बापूरावांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. त्यांना वाटलं, बाईंना सगळं समजलं असणार. एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना एक आणि आठ यांतला फरक काय मी सांगायचा?

त्याच आठवड्यात बाईंनी त्यांना कायम करण्याची शिफारस लिहिली. दीनानाथांनी ती फाइलला लावताना चष्म्यावरून पाहिलं. "तळं राखी तो पाणी चाखी. चाखा आता."

कायम होणं म्हणजे बापूरावांना पगारापेक्षा वेगळी गोष्ट होती. संस्थेच्याच विश्वस्तांचं एक अभियांत्रिकी महाविद्यालय होतं आणि तिथं कायम कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दर वर्षी दोन जागा राखून ठेवलेल्या असत. उत्कर्षा बारावी झाली होती. वाघोलीच्या त्या खोलीत, बाहेर खडीच्या ट्रकांची ये-जा चालू असताना, तिनं अभ्यास केला होता. मार्क चांगले होते, पण पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या जागेला पुरतील एवढे नव्हते. त्या वर्षी पुण्यात ज्याला-त्याला कॉम्प्युटरच हवा होता. हिंजवडीच्या बसमधून गळ्यात ओळखपत्र अडकवून उतरणाऱ्या मुली उत्कर्षा थांबून पाहायची. दोन जागांसाठी त्या वर्षी एकच अर्ज होता, तोही एका माळ्याच्या मुलाचा. म्हणजे बापूराव जुलैअखेरीला कायम झाले, की उत्कर्षाची जागा पक्की. दुर्गाबाईंनी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

जुलैपर्यंत पिल्लं बोटाएवढी झाली. पंधराएक हजार उरली होती. ती खाडीत सोडायचा खर्च एक सॉफ्टवेअर कंपनी करणार होती. कंपनीचा आमोद नावाचा एक तरतरीत मुलगा हे सगळं बघत होता. दोनशे कर्मचारी, पाच बस, छातीवर मासा छापलेले टी-शर्ट, एका रविवारचा कार्यक्रम. त्याच्या आधी आठ दिवस, शनिवारी, तो चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन संस्थेत आला. "मॅडम, आमच्या टीमला थोडं सिंपल लँग्वेजमध्ये सांगाल का? म्हणजे आपण एक्झॅक्टली काय सेव्ह करतोय?"

सुहासिनीबाईंनी टेबलावर पेन्सिल आडवी ठेवली. त्या समजावून सांगायला लागल्या की नेहमी तसं करत. बापूराव चहाचा ट्रे घेऊन आत आले होते.

"समजा," बाई म्हणाल्या, "ही सगळी पिल्लं एकाच आईची आहेत. तब्येतीला उत्तम, पोटभर खाल्लेली. ती आपण खाडीत सोडली. तिथल्या पिल्लांपेक्षा ही दांडगी, म्हणून हीच जगणार. पाच-सात वर्षांत खाडीतला निम्मा जिताडा एकाच घरातला. भाऊबंदांतच वीण. मग एखादं वर्ष असं येतं, की पाणी तापतं किंवा रोग येतो. त्या एका आईच्या रक्ताला जो रोग सोसत नाही, तो यांच्यातल्या कुणालाच सोसत नाही. सगळे एकदम जातात. आया वेगवेगळ्या असल्या, तर काही मरतात, काही तगतात, आणि तगतात त्यांच्यापासून पुन्हा खाडी भरते. म्हणून आम्ही आठ माद्या घेतल्या. आठ म्हणजेसुद्धा कमीच. पण एकीची पिल्लं सोडण्यापेक्षा काहीच न सोडलेलं बरं."

चहा निवत होता. बापूराव ट्रे धरून उभेच होते. त्यांना नव्वद साल आठवत होतं. नव्वदच्या आदल्या वर्षी पाऊस लांबला होता आणि सातांपैकी सहा तळ्यांमधलं बीज वाळून गेलं होतं. एक तळं जगलं होतं. त्यातलं बीज मडक्यांतून सातही तळ्यांत वाटलं होतं. मडकं वाहणाऱ्यांमध्ये ते स्वतः होते. सगळे एकदम जातात, बाई म्हणाल्या होत्या. सोळा वर्षं ज्याला देवीचा कोप समजलं, त्याचं कारण चहाच्या ट्रेमागे उभं राहून असं अचानक कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं, की मे महिन्यात आपण पुन्हा तेच करून बसलो आहोत.

"बापूराव, चहा," बाई म्हणाल्या. त्यांनी कप मांडले.

पिल्लांची तपासणी कुणी करणार नव्हतं. तपासण्या आईबापांच्या झाल्या होत्या, आणि टाकीवर आकडे होते ना! बापूराव गप्प बसले असते, तर कार्यक्रम झाला असता, टाळ्या झाल्या असत्या, त्यानंतरच्या बुधवारी समितीनं त्यांना कायम केलं असतं आणि उत्कर्षा कॉलेजात गेली असती. हे सगळं त्यांनी कर्वेनगर ते वाघोली दोन बस बदलताना पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिलं. दुसरीकडे कुठे वाट निघते का तेही पाहिलं. निघत नव्हती.

रविवारी दुपारी उत्कर्षा मैत्रिणीकडे गेलेली असताना त्यांनी दुर्गाबाईंना सांगितलं. दुर्गाबाई तांदूळ निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"काहो, डोस्कं ठिकानावर हाये ना? तुमी चोरी केली का कोनाची?"

"नाई."

"मंग? पिल्लं मेली काय?"

"पिल्लं चांगली हायेत. येका मायची हायेत, येवढंच."

"कोनाले दिसनार हाये थे?"

"कोनालेच नाई," बापूराव म्हणाले. "पन आपल्या गावची तळी आठवते ना? थे आपनच मारली. मी बी होतो."

दुर्गाबाईंनी सूप बाजूला सारलं. तळी त्यांनाही आठवत होती. त्या तळ्यांसाठी त्या माहेर सोडून आल्या होत्या आणि ती गेल्यावर पुण्यात येऊन दुसऱ्यांची भांडी घासत होत्या. पण त्यांचा आवाज काही मऊ झाला नाही. "मासोईले आठ माया पायजेत म्हन्ता. असन. आपल्या पोट्टीले बाप येकच हाये, थे ध्यानात असू द्या."

बापूराव उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुर्गाबाईंनी उरलेले तांदूळ निवडले. निवडलेल्यातले दोन-चार दाणे पुन्हा खड्यांत गेले, त्यांच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी बाई यायच्या आधी बापूराव त्यांच्या खोलीबाहेर उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं. बॅटरीचा पंप, पेला, आठ टाक्या. काही वगळलं नाही.

"हे रजिस्टरमध्ये का लिहिलं नाहीत?"

"रकाना नोता जी."

"आणि मला आजच का सांगताय?"

"काल रविवार होता."

सुहासिनीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन वर्षांचं काम होतं. कंपनीशी बोलणी, खाडीवरच्या कोळ्यांची मनधरणी, आणि त्यांच्या निवृत्तीला उरलेली दोन वर्षं. त्या खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाल्या, "पिल्लं तर निरोगी आहेत." बाईंच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते बापूरावांना नेमकं माहीत होतं, कारण तेच त्यांच्या मनात दोन दिवस चाललं होतं. शेवटी बाईंनी चष्मा चढवला आणि फोन उचलला.

"मॅडम, पण फिश तर फिशच आहे ना?" पलीकडून आमोदचा आवाज बापूरावांपर्यंत येत होता. "बसेस बुक्ड आहेत, टी-शर्ट आलेत. मदर कोण आहे हे कोण चेक करणार?"

"मी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचं पुण्याच्या शिस्तीत झालं. बाईंनी आठही टाक्यांमधल्या पिल्लांच्या शेपट्यांचे तुकडे तपासले. सगळी सरपंचिणीची निघाली. पिल्लं पेणकडच्या तळेवाल्यांना दिली, कारण तळ्यात वाढवून खायला ती उत्तमच होती आणि तिथून खाडीत जाणार नव्हती. कंपनीचा रविवार फुकट जाऊ नये म्हणून छातीवर मासा असलेले टी-शर्ट घालून दोनशे जणांनी टेकडीवर झाडं लावली.

बुधवारी समिती बसली. समितीत यज्ञेश्वर नावाचे एक वयस्क विश्वस्त होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी कुतूहलानं विचारलं, "आपण गप्प बसला असतात, तर कुणाला कळलं असतं?"

"खाडीले कळलं असतं जी," बापूराव म्हणाले. "धा वर्षांनं. तवा मी पर्मनंट असतो अन् थे टेंपरवारी."

समिती हसली. यज्ञेश्वरही हसले, म्हणाले, "प्रामाणिक मनुष्य आहे." आणि फाइल परत आली, तिच्यावर शेरा होता, 'नोंदी ठेवण्यात निष्काळजीपणा. पुढील वर्षी विचार व्हावा.' सुहासिनीबाई दोनदा समितीपुढे जाऊन भांडल्या. उपयोग झाला नाही. डिझेलच्या मागणीअर्जाचा विषय निघालाच नाही. तो त्या वेळीही तिसऱ्या दरपत्रकाची वाट पाहत दीनानाथांच्या टेबलावर होता. जो बोलतो त्याच्यावर शेरा आणि जो सही अडवतो त्याची बढती, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी रीत आहे. तिची चीड येऊन तरी काय करणार? सप्टेंबरात दीनानाथांनी करार पुढे सरकवला, तेव्हा मात्र ते अभिनंदन म्हणाले नाहीत. नुसती पेनाची जागा बोटानं दाखवली.

महाविद्यालयातली ती दुसरी जागा त्या वर्षी कुणालाच गेली नाही. उत्कर्षा वाघोलीतल्याच एका कॉलेजात बी.कॉम.ला गेली आणि पुढे कॉल सेंटरला लागली. परदेशातल्या लोकांची बिलं इथून रात्रभर समजावून सांगायची आणि दिवसा झोपायचं. तिनं बापाला एका शब्दानं दुखावलं नाही. पण हिंजवडीच्या बसकडे थांबून पाहणं तिनं सोडलं, आणि बापूरावांना ते दिसत होतं.

त्यानंतरच्या वर्षी आठ माद्यांची पिल्लं खरोखर आठ टाक्यांमध्ये वाढली. ती जाऊन सोडली, तेव्हा बस नव्हत्या, टी-शर्ट नव्हते. एक टेम्पो, बाई, बापूराव आणि खाडीवरचे दोन कोळी. त्यानंतर पाच वर्षं हेच चाललं. 'पुढील वर्षी विचार व्हावा' हेही चाललं. बापूराव कायम कधी झाले नाहीत.

दोन हजार तेरा साली, बाई निवृत्त झाल्यावरही, त्यांच्या विद्यार्थिनींनी त्या खाडीतला जिताडा पुन्हा तपासला. अहवाल आला त्या दिवशी बाई मुद्दाम संस्थेत आल्या आणि बापूरावांना बोलावून म्हणाल्या, "जेवढी वेगवेगळी कुळं होती, तेवढीच आहेत. काही बदल झालेला नाही."

"म्हंजे चांगलं का वाईट जी?"

"आपल्या धंद्यात याहून चांगलं काही नसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बापूरावांनी त्या संध्याकाळी घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. दुर्गाबाईंच्या पायाशी उत्कर्षाची चादर होती. ती नुकतीच उठून कामाला निघून गेली होती. दुर्गाबाईंनी चादरीची घडी घातली.

"खाडीत काई बदल नाई झाला," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात झाला."

"हाव," बापूराव म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण तो सोमवार पुन्हा आला असता, तर ते पुन्हा त्या दारापुढे जाऊन उभे राहिले असते, आणि हे दुर्गाबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी भाकरी वाढली आणि शेजारी सुकट.